रायवळाची काडी

रस्त्याच्या रुंदीकरणात एक जुना रायवळ, म्हणजे कोयीतून उगवलेला गावठी आंबा, आडवा झाला. मे महिना होता आणि झाडाला पाड लागला होता. करवत थांबल्यावर वाडीतली माणसं जमली. त्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी विस्कटलेल्या डहाळ्यांतून वाट काढत पिशवीभर आंबे वेचले. आंबे खायला नको होते, त्यांना कोयी हव्या होत्या. "परसात चार कोयी पुरतो. झाड गेलं तरी आंबा जायचा नाय," असं ते शेजारच्याला सांगत होते. आवाजात दुःख होतं आणि थोडा दिलासाही. पण आंब्यांपर्यंत पोचायला ज्या डहाळ्या ते पायाखाली दाबत गेले, तो आंबा खरं तर त्या डहाळ्यांत होता. गर्द हिरव्या पानांच्या, टोकाला फुगीर डोळा (न उमललेला कोंब) असलेल्या काड्या सावलीत, ओल्या फडक्यात ठेवल्या असत्या तर अजून तीन दिवस तरी जिवंत राहिल्या असत्या. दुसऱ्या दिवशी उन्हात त्यांची पानं कुरकुरीत झाली, तिसऱ्या दिवशी ढीग पेटवला गेला. माया होती, धडपड होती, माणूसही वेळेवर हजर होता. हात मात्र चुकीच्या वस्तूकडे गेले. ही गोष्ट मनातून जात नाही.

कोय पुरल्यावर झाड येणार, यात शंका नाही. ते झाड वेगळं असणार एवढंच. आंब्याच्या मोहोरावर माश्या बसतात, या झाडाचा पराग त्या झाडावर जातो, आणि फळ आईचं असलं तरी कोयीतला कोंब आई-बापांच्या गुणांची नवीच सरमिसळ घेऊन येतो. मध चाखल्यासारख्या गोड आंब्याच्या कोयीतून तोंड आंबवणारा, धागेदार, पाणचट आंबा निघू शकतो. क्वचित त्याहून सरसही निघतो. शिवाय ते कळायला सात ते दहा वर्षं थांबावं लागतं. केरळ-कर्नाटकाच्या किनारपट्टीवर ओलूर, कुरुक्कन, वेल्लईकोलंबन असे काही वाण आहेत. त्यांच्या एका कोयीतून तीन-चार कोंब फुटतात आणि त्यातले बहुतेक आईचीच प्रतिकृती असतात. तिथे कोय पुरून वाण राखता येतो. कोकणातले बहुतेक रायवळ मात्र एका कोयीला एकच कोंब देणारे. म्हणजे प्रत्येक रायवळ झाड हा जगातला त्या जातीचा एकुलता एक नमुना. हापूसचं एक झाड मेलं तर हापूसला काही होत नाही. रायवळ मेला, आणि त्याची काडी आधी दुसऱ्या रोपावर बांधून ठेवलेली नसली, तर त्याची जातच संपते.

आणि या जाती किती असाव्यात! शेपूच्या वासाचा तो शेप्या, चावल्यावर खोबऱ्यासारखा लागणारा खोबऱ्या, लाल शेंदरी गालांचा शेंदऱ्या, सासवासाठी (मोहरी-खोबऱ्याच्या कालवणासाठी) मुठीत चार मावतील अशी बिटकी. कुणी फक्त लोणच्याचा, कारण त्याची फोड वर्षभर करकरीत राहते. कुणी साठांचा, म्हणजे आंबापोळीचा, कारण त्याचा रस दाट आणि उन्हात काळा न पडणारा. कुणी देठाशी टोचून, पिळून, चोखून खायचा, कारण कापायला गेलं तर हाती नुसते केस येतात. काही आंबे पहिल्या पावसानंतरच गोड होतात, तेव्हा हापूसचा बाजार उठलेला असतो. यातली कितीतरी नावं एकाच वाडीपुरती असतात. ओढ्यापलीकडच्या माणसाला ती ठाऊक नसतात, कारण ते झाड ओढ्याच्या अलीकडेच आहे.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती थोडी बोचणारी आहे. हापूसचं प्रत्येक कलम रायवळाच्या मुळावर उभं असतं. रोपवाटिका दर उन्हाळ्यात रायवळाच्या कोयी गोळा करतात, रोपं उगवतात, त्यांचा शेंडा उडवून त्यावर हापूसची काडी बसवतात. म्हणजे रायवळाला कलमांच्या जगात जागा आहे, पण फक्त जमिनीखाली. गोव्यात पोर्तुगीज काळात कलम बांधण्याची रीत रुजली आणि तिथून किनाऱ्याने वर सरकली, असं मानलं जातं. एवढ्या वर्षांत या हातोटीने मोजक्याच वाणांचं भलं झालं. तोच चाकू, तीच पट्टी, तोच खुंट (ज्यावर काडी बसते ते मुळाचं रोप) वापरून वाडीतल्या शेप्याची काडी त्याच रायवळ खुंटावर बांधायला तंत्र म्हणून काहीही अडत नाही. अडतं ते वेळापत्रकात.

झाडं पडतात जानेवारी ते मे. पावसाळ्यात ट्रक रानात शिरत नाही, लाकूड ओलं होतं, म्हणून तोड कोरड्या महिन्यांत उरकली जाते. कलमं जगतात जून ते सप्टेंबर, कारण हवेत दमटपणा लागतो. शिवाय कोवळी खुंटरोपं मिळतात ती कोयी मे-जूनमध्ये पेरल्यानंतर. म्हणजे झाड हातचं जातं तेव्हा बांधायला खुंट नसतो, आणि खुंट तयार होतो तेव्हा झाड उरलेलं नसतं. रायवळ वाचवायचा तर झाड उभं असताना, निदान एक पावसाळा आधी, कामाला लागावं लागतं. ज्या झाडावर अजून कुणाचा डोळा गेलेला नाही, त्याचीच काडी शांतपणे घेता येते.

सुरुवात फळापासून करावी. जुलैत पानांनी भरलेले शेजारशेजारचे दोन रायवळ ओळखणं जाणत्यालाही जड जातं. म्हणून एप्रिल-मेमध्ये, झाडावर फळ असतानाच खोडाला छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा मारावा, मोबाइलवर जागेची खूण साठवावी आणि आठ-दहा आंबे आढीत पिकवून नीट पाहावे. फळाचं वजन, सालीची जाडी, धागा, कोयीचा आकार, पिकल्यावर किती दिवस टिकतो, देठाशी चीक किती, कच्चा कसा लागतो, तयार कधी होतो, हे सगळं त्याच दिवशी वहीत उतरवावं. आठवणीवर सोपवलं तर पुढच्या वर्षी सगळेच आंबे 'गोड, रसाळ' होऊन बसतात. त्या घरातल्या बायकांना आवर्जून विचारावं, कारण कोणत्या झाडाची कैरी कशाला चालते याचा हिशेब त्यांच्याकडे असतो, आणि एखादं आंबट झाड टिकवण्याजोगं आहे हे त्यांच्याच तोंडून कळतं.

यात एक मेख आहे. रायवळ बहुधा एक वर्षाआड लागतो. ज्या वर्षी तो लगडतो त्या वर्षी जवळजवळ प्रत्येक फांदीच्या टोकाला मोहोर आलेला असतो, आणि मोहोर येऊन गेलेली काडी कलमाला निकामी. त्या वर्षी फळ तपासायला मिळतं, काडी मिळत नाही. पुढच्या, रिकाम्या वर्षी फांदीफांदीला नवी पालवी येते, काड्याच काड्या. म्हणजे एका झाडासाठी दोन वर्षं धरून चालावीत. पहिलं वर्ष ओळखण्याचं, दुसरं काडी घेण्याचं.

पण साठ-सत्तर फूट उंच, म्हातारं झाड नुसतं थांबून चांगली काडी देत नाही. त्याची टोकं बोरूपेक्षाही बारीक झालेली असतात, पेरं आखूड, डोळे दबलेले. त्यावर बांडगूळ असेल तर त्याच्या पुढची फांदी आणखी उपाशी, तिथली काडी घेऊच नये. अशा झाडाला आधी जोम आणावा लागतो. आंबे उतरले की ऊन मिळणाऱ्या बाजूच्या, मनगटाएवढ्या जाडीच्या दोन-तीन फांद्या करवतीने स्वच्छ छाटाव्यात आणि छाटलेल्या तोंडावर बोर्डो मलम (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावावं. कोयत्याने घाव घालू नयेत, लाकूड चिरतं आणि चिरेतून पाणी आत जाऊन फांदी कुजते. पाऊस सरता सरता त्या फांद्यांवर जोमदार फुटवे येतात. एका जागी दहा आले तर तीन-चार ठेवून बाकीचे खुडावेत. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांच्यावर आणखी एक पालवी येऊन पक्व होते. ती काडी पेन्सिलीएवढी, सरळ आणि भरीव असते. जुन्या झाडाची काडी ही अशी वर्षभर आधी घडवावी लागते.

काडी ओळखताना बोट आणि डोळा दोन्ही लागतात. पालवी तीन-चार महिन्यांची झालेली, पानं गडद हिरवी, साल हिरवीच पण किंचित राखी झाक आलेली. हाताने वाकवली तर लवचिक, पण लुसलुशीत नाही. टोकाचा डोळा टपोरा, मात्र उमललेला नाही. अशी काडी दिसली की ती लगेच कापायची नाही. आधी झाडावर असतानाच तिची पानं काढायची, देठ अर्धा-पाऊण इंच ठेवून. पान ओरबाडलं तर सालीला जखम होते आणि शेजारचा डोळा मरतो, म्हणून देठ राखायचा. पानं गेली की काडीत येणारा रस टोकाकडे साठतो. आठ-दहा दिवसांत ठेवलेले देठ बोट लागताच गळून पडतात आणि डोळा फुगतो. देठ गळणं हा इशारा. त्यानंतर दोन-चार दिवसांत काडी घेतलीच पाहिजे, नाहीतर डोळा झाडावरच फुटतो आणि फुटलेली काडी बांधली तर पालवी सुकून जाते. लांबी दहा ते पंधरा सेंटिमीटर पुरे. सकाळी लवकर काढावी, ओल्या फडक्यात गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत ठेवावी आणि शक्यतो त्याच दिवशी बांधावी. फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह आवरावा. आंबा उष्ण प्रदेशातला, गारठ्याने त्याच्या काडीचा जीव आतून जातो आणि बाहेरून दोन दिवस ते कळतही नाही.

काडी घडत असतानाच खुंटाची तयारी चालू हवी.

आंब्याची कोय वाळली की मरते, महिनाभरात तिची उगवण संपत जाते. म्हणून रस काढला की कोय धुवायची, सावलीत वरवर सुकवायची आणि पंधरवड्याच्या आत पेरायची. पाण्यात टाकून पाहिली तर पोकळ कोयी तरंगतात, त्या काढून टाकाव्यात. गादीवाफ्यात वाळू किंवा हलकी माती आणि कुजलेलं शेणखत, त्यात कोय कडेवर उभी, फुगीर कड वर करून लावायची. आडवी फेकली की कोंब आतच वळसा घेतो आणि रोपाचं खोड कोयीपाशी वाकडं होतं. अशा वाकड्या मानेवर कलम नीट बसत नाही. वर पेंढ्याचा पातळ थर. दोन-तीन आठवड्यांत तांबूस-जांभळे कोंब वर येतात, आणि इथून पुढे दिवस मोजायचे. कोय कलमासाठी, म्हणजे कोयीसकटच्या कोवळ्या रोपावर बांधायच्या कलमासाठी, रोप हवं दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांब्याच्या रंगाची, खोड रसरशीत. पानं हिरवी झाली की खोड आतून लाकूड धरू लागतं आणि यश झपाट्याने घसरतं. कोकणात ही पद्धत घरोघरी पोचली त्यामागे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं काम आहे. जुन्या रायवळासाठी तिचा एक खास फायदा आहे. म्हाताऱ्या झाडाच्या काड्या बारीकच मिळाल्या तरी कोवळं रोपही तितकंच बारीक असतं, जाडीला जाडी मिळते.

रोप कोयीसकट अलगद उपटायचं. कोय तुटून पडली तर ते रोप बाजूला ठेवायचं, कारण पुढचे काही आठवडे कलमाला अन्न त्या कोयीतूनच मिळतं. मुळं आणि कोय धुऊन एका लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवावी. मग कोयीपासून पाच-सात सेंटिमीटरवर शेंडा आडवा कापायचा आणि खोडाच्या बरोबर मध्यातून चार-पाच सेंटिमीटर उभी खाच घ्यायची. काडीच्या बुडाला तेवढ्याच लांबीची पाचर, दोन्ही बाजूंनी सारखी. पाचर होईल तो काप एका ओढीत. चाकू पुढे-मागे फिरवला की पृष्ठभाग लाटालाटांचा होतो, खाचेत बसवल्यावर मध्ये हवा राहते आणि त्या पोकळीत काळी रेघ धरते. काप सपाट आहे का हे पाहायला पाचर चाकूच्या पात्यावर टेकवून उजेडासमोर धरावी. मधून उजेड दिसला तर पुन्हा कापावी. कापलेल्या भागाला बोट लावू नये. चीक आला तर स्वच्छ फडक्याने टिपावा. पाचर खाचेत पूर्ण खाली सरकवायची आणि सालीखालचा तो हिरवट, निसरडा थर दोन्हीकडचा एकमेकांना भिडला पाहिजे. सांधा तिथेच होतो, मधल्या लाकडात होत नाही. म्हणून काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मध्यावर न ठेवता एका कडेला सरकवावी. एक बाजू नीट जुळली तरी पुरतं, दोन्हीकडून अर्धवट जुळली तर काहीच जुळत नाही.

मग पट्टी. दीड-दोन सेंटिमीटर रुंद, हाताने ताणली जाणारी पातळ पॉलिथिनची. खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, घट्ट. घट्ट म्हणजे किती, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. पट्टी ताणून पांढरी पडायला लागते त्याच्या जरा अलीकडे. पाणी आत जाता कामा नये, हवा आतून जाता कामा नये आणि कोवळं खोड चिरडता कामा नये. बांधलेलं कलम पिशवीत लावताना कोय मातीत झाकली जाईल आणि सांधा वर राहील एवढी खोली ठेवायची. वरून बर्फाच्या कांडीची अरुंद, लांब पिशवी टोपीसारखी घालून खाली दोऱ्याने सैल बांधली की काडीभोवती ओल टिकते. डोळा फुटून पालवी दिसली की टोपी काढायची, तीही संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. भर उन्हात काढली तर आतली दमट हवेला सरावलेली पालवी तासाभरात मान टाकते.

बांधणं ही दोन-तीन मिनिटांची गोष्ट आहे. शिकणं खरं तर मेलेली कलमं वाचण्यात आहे. आठवडाभरात काडी टोकाकडून काळी पडत आली तर दोष काडीचा, ती आधीच वाळली होती किंवा बुरशी घेऊन आली होती. सांध्यापासून वर काळी पडली तर काप मळका किंवा चाकू घाणेरडा. दर आठ-दहा कलमांनंतर पातं स्पिरिटने पुसायला हवं. कोयीजवळ खोड मऊ, तपकिरी होऊन रोप आडवं पडलं तर पाणी साचलं आहे. कोकणच्या धो-धो पावसात कोय कलमं सर्वांत जास्त अशीच मरतात, म्हणून पहिला महिना वर पारदर्शक छप्पर आणि पिशवीला भरपूर भोकं हवीतच. आणि सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे काडी महिनाभर हिरवीगार राहते, डोळा फुटतो, दोन पानं येतात, सगळे खूश होतात, आणि एका उन्हाच्या दिवशी पालवी लोंबते. तो डोळा काडीतल्या शिलकीवर फुटलेला असतो, सांधा झालेलाच नसतो. म्हणून पहिल्या पालवीला 'लागलं' म्हणू नये. पहिली पालवी पिकून दुसरी फुटली, की कलम लागलं. या दरम्यान सांध्याखालून खुंटाचे फुटवे येत राहतात, ते दिसताक्षणी खुडायचे. खुंट तरुण आणि काडी म्हाताऱ्या झाडाची, एक फुटवा राखला तरी खुंट सगळा रस तिकडेच ओढतो. अडीच-तीन महिन्यांनी पट्टी काढायलाच हवी. राहिली तर खोड जाड होताना पट्टी सालीत रुतते आणि वर्ष-दोन वर्षांनी झाड वाऱ्याने बरोबर तिथेच मोडतं.

एका जुन्या झाडाची निदान वीस कलमं बांधावीत. पाच बांधून 'बघू' म्हटलं तर बघायला काही उरत नाही.

झाड अचानक पडलंच, तर? इथे घरी पिशवीत वाढवून ठेवलेली वर्षभराची रायवळ रोपं कामाला येतात. ज्याला ही कामं मनापासून करायची आहेत त्याने अशी वीस-पंचवीस रोपं कायम तयार ठेवावीत. पडलेल्या झाडाच्या, ऊन लागलेल्या बाजूच्या काड्या शोधायच्या. आडव्या झाडात शेंड्यापर्यंत हात पोचतो, ती सोय उभ्या झाडात नसते. पानं तिथल्या तिथे कात्रीने देठ ठेवून कापायची, कारण पान असेपर्यंत ते काडीतलं पाणी उडवत राहतं. ओलं वर्तमानपत्र, पिशवी, सावली. खुंटाला तांबूस कोवळी पालवी असेल तर त्या पालवीच्या कोवळ्या दांड्यावर मृदुकाष्ठ कलम बांधायचं, कृती तीच, पाचर आणि खाच. पालवी नसेल तर जुन्या खोडाच्या बाजूला तिरका काप घेऊन बाजूकलम. आधी पानं काढून न घडवलेल्या काडीचं यश कमी असतं, कोरड्या हवेत आणखी कमी. टोपी, सावली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी यांच्या आधारावर वीसातली दोन-तीन लागली तरी वाण राहिला.

आणि झाड उभं आहे, वाकून हाताला येणारी फांदी आहे, पण काड्या इतक्या क्षीण की कापल्यावर जगतील असं वाटत नाही, तिथे जुनी भेट कलमाची रीत आजही सरस आहे. वर्षभराचं रोप कुंडीसकट झाडापाशी न्यायचं, गरज पडली तर बांबूचा मांडव उभारून फांदीच्या उंचीवर ठेवायचं. रोपाच्या खोडावर आणि सारख्या जाडीच्या फांदीवर समोरासमोर पाच-सहा सेंटिमीटरचे, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतके खोल सपाट काप घेऊन ते एकमेकांना चिकटवून बांधायचे. दोघांचीही मुळं शाबूत, दोघांनाही घाई नाही. दोन-अडीच महिन्यांनी सांध्याखाली फांदीला अर्धा छेद, आठ-दहा दिवसांनी पूर्ण तोड, आणि रोपाचा वरचा शेंडा कापला की कलम तयार. त्रास आहे, रोज कुंडीला पाणी घालायला मांडवावर चढावं लागतं, म्हणून बहुतेक रोपवाटिकांनी ही पद्धत सोडली. एकच झाड, तेही अखेरच्या घटका मोजणारं, त्याच्यासाठी हा त्रास घ्यावा असं ठामपणे वाटतं.

फणसालाही कोवळ्या रोपावरची पाचर चालते, फक्त चीक इतका की काड्या कापून थोडा वेळ निथळू द्याव्या लागतात. कोकमाचं वेगळं. त्यात नर-मादी झाडं स्वतंत्र, बी पेरलं तर निम्म्या रोपांच्या आसपास नर निघतात आणि ते वर्षानुवर्षं कळत नाही. कलम केलं की हा प्रश्न मिटतो, पण काडी उभ्या वाढणाऱ्या फुटव्याची घ्यायला हवी. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड जन्मभर आडवंच पसरत राहतं.

लावण्याच्या जागेचा विचार कलमाआधी व्हावा. रायवळ मोठा होतो, त्याला दहा मीटर तरी मोकळी जागा लागते, आणि एवढी जागा प्रत्येकाकडे नसते. त्यावर तोडगा म्हणजे परसातल्या, फळाला कुचकामी अशा तरुण झाडाचा माथा छाटून त्यावर आलेल्या फुटव्यांवर वेगवेगळ्या रायवळांच्या काड्या बांधणं. एका बुंध्यावर चार वाण राहू शकतात. फक्त जोमदार वाण बाकीच्यांना झाकणार नाही एवढी छाटणी दरवर्षी करावी लागते. एका वाणाची झाडं एकाच बागेत ठेवू नयेत. फेब्रुवारी-मार्चमधला एक वणवा किंवा मोकळी सुटलेली गुरं तीन वर्षांचं काम एका दुपारी संपवतात. तीन वेगळ्या मालकांच्या, तीन वेगळ्या गावांतल्या जमिनी असाव्यात, त्यातली एखादी देवस्थानाची किंवा शाळेची. आणि नावाची पट्टी! शाईची पाटी दोन पावसाळ्यांत कोरी होते. ॲल्युमिनियमच्या डब्याची पट्टी कापून खिळ्याने त्यावर वाणाचं नाव, मूळ झाडाची वाडी आणि साल कोरावं, तारेने फांदीला सैल अडकवावं आणि तार दरवर्षी ढिली करावी. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली शेतकरी आपला वाण नोंदवू शकतो. त्यावेळी ही पट्टी आणि ती फळाची वही, दोन्ही कामी येतात.

कलमाला पुढच्याच वर्षी मोहोर येऊ शकतो, कारण काडी वयाने जुन्या झाडाइतकीच असते. तो मोहोर खुडावा, चौथ्या वर्षापर्यंत खुडत राहावा. हाताएवढ्या रोपाने दोन आंबे पोसले तर त्याची वाढ खुंटते. चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरू दिलं की पहिला बहर पाहून निकाल देऊ नये, कोवळ्या झाडाचं फळ पाणचट आणि लहान असतं. आधी हे पाहावं की वर वाढलेलं झाड कलमाचंच आहे ना, खुंटाचा एखादा निसटलेला फुटवा तर नाही. सांध्याची गाठ शोधावी, तिच्या वरची पालवी कोणत्या रंगाने फुटते, चुरगाळलेल्या पानाला वास कसा येतो, हे वहीत मूळ झाडाचं लिहून ठेवलं असेल तर ताडता येतं. मग दुसरा-तिसरा बहर आढीत पिकवून, त्याच घरातल्या, मूळ आंबा खाल्लेल्या माणसांना द्यावा. त्यांनी हो म्हटलं की त्या झाडाच्या काड्या मागेल त्याला द्याव्यात, आणि सोबत पानं कधी काढायची ते सांगावं.